निवडक चोर

आजही काच गेली होती.

बन्सी कचऱ्याच्या हौदाशी उकिडवा बसला आणि काठीनं ढीग उलथून पाहू लागला. पाला होता, शेंगांची टरफलं होती, केळीच्या साली होत्या. सोडावॉटरच्या फुटक्या बाटल्या, गंजके डबे, चिंध्या मात्र औषधालाही उरल्या नव्हत्या. काल संध्याकाळी हे सगळं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

परवा पुण्याचे साहेब येणार होते.

बहात्तरच्या दुष्काळात दौंडची ही बाग पार करपून गेली होती. आता कुठं ती हिरवी होत होती. बन्सीनं शेतकीची पदवी घेतली होती. पुण्याच्या एका संस्थेनं त्याला फेलोशिप देऊन इथं पाठवलं. बागेतल्या कचऱ्याचं बागेतच खत करायचं आणि काच, पत्रा, चिंधी वेगळी काढून पुन्हा कामाला लावायची. हौदात हात घालायला एकही मजूर तयार होईना, म्हणून बन्सी स्वतःच निवडायला बसे. खताचे खड्डे झकास मुरले होते. पण साहेबांनी बजावलं होतं, "नुसतं खत नको. काच-पत्र्याचे ढीग दाखवा, मग शिरूरची बागही तुमची. नाहीतर इथंच बंद."

बंद झालं तर आईचंच खरं ठरणार होतं, आणि तेच बन्सीला नको होतं.

या कामाचं नाव ऐकलं त्या दिवशी सोजरबाईनं तव्यावरची भाकरी करपू दिली होती. "गावाची घाण तुज्या आज्ज्यानं उचलली, बापानं उचलली. बाबासायबांनी सांगितलं तवा टोपली फेकून दिली आमी. तुला कालेजात घातला तो पुन्यांदा टोपली धरायला व्हय रं?"

"आये, हे शास्त्र हाय."

"आसंल. तुज्या त्या बागंच्या फाटकातनं मी पाय टाकनार न्हाई. बाबासायबांची आन हाय."

सोजरबाई बोलली की पाळणारी बाई. तेव्हापासून बन्सी घरी आला की ती दारातच अडवायची. "हात दाव." उलटेसुलटे करून पाहायची आणि मुकाट्यानं पाण्याचा तांब्या पुढं करायची. बन्सीला मेल्याहून मेल्यासारखं होई. पदवी मिळाली तेव्हा हेच हात तिनं कपाळाला लावले होते.

हल्ली तर ती सकाळी दिसायचीही नाही. खुटबावला खुरपणीला जायची. लवकरच्या गाडीला गर्दी नसते म्हणून अंधारातच निघायची. काल तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. बन्सीनं विचारलं तर म्हणाली, "खुरपं लागलं."

बागेचे राखणदार हौसराव फाटकाशी विडी ओढत बसले होते. बन्सी तरातरा तिकडं गेला.

"मामा, पहाटे कोण आलं होतं?"

"कोन येतंय? फाटकाला कुलूप हाय."

"मग मेंदीच्या कुंपणाला ते भगदाड कसलं? माणूस वाकून आत येईल एवढं हाय."

"कुत्री पाडत्यात."

"कुत्री काच नेत्यात?"

हौसरावांनी विडी विझवली आणि कानावर ठेवली. "साहेब, तुमचंच काम हलकं झालं न्हवं? कशाला खोलात जाता?"

बन्सीच्या डोक्यात तिडीक गेली. इथं कुंपणच शेत खात होतं. हौसराव बागाईतदार घरातले. खालच्या आळीतल्या पोराला साहेब म्हणताना त्यांची जीभ अडखळत असणार, असं त्याला पहिल्यापासून वाटे. भंगारवाल्याशी त्यांचं साटंलोटं असणार, दुसरं काय?

एक गोष्ट तेवढी खटकत होती. चोर मोठा निवडक होता. विकून दमडी हाती येणार नाही असे काचेचे बारके तुकडेही तो वेचून नेई. मागं एकदा मेलेली घूस नेली होती. भंगारवाला घूस कशाला नेईल? पण राग आला की माणूस असले प्रश्न विचारत बसत नाही.

त्या संध्याकाळी आईनं हात पाहिले तेव्हा बन्सीनं ते हिसकून घेतले. मित्राकडं झोपायला जातो म्हणाला आणि न जेवताच बाहेर पडला. मित्राच्या ओट्यावर तो नुसता कूस बदलत राहिला. पहाट होताच कण्हेरीमागं येऊन दबा धरून बसला.

स्टेशनाकडं मालगाडीनं शिट्टी दिली. अंगावर पोत्याची खोळ घेतलेलं कुणीतरी वाकून भगदाडातून आत आलं, हौदाशी बसलं आणि भराभरा वेचू लागलं. हात सराईत होते. गोणी भरली तसं ते माणूस आल्या वाटेनं निघालं.

बन्सीनं झेप घेतली आणि कुंपणातच त्याचं मनगट पकडलं. "सापडलास! चल चौकीत!"

भगदाडापलीकडच्या पाटाच्या कोरड्या चारीत बन्सीची नजर गेली. तिथं काचेचा एक ढीग, पत्र्याचा एक, चिंध्यांचा एक, असे तीन ढीग नीट रचून ठेवलेले होते. विकायला तयार ठेवलेला माल! त्यानं मनगट आणखी आवळलं.

फाटकाकडून हौसराव धावत आले. "सोडा साहेब! सोडा म्हनतो ना!"

"तुमचंही नाव सांगणार हाय मी, मामा!"

"माझं सांगा, खुशाल सांगा," हौसरावांना धाप लागली होती. "पर तो हात आवळू नका. कापलाय त्यो."

तांबडं फुटलं होतं. बन्सीनं खाली पाहिलं. हातातल्या हाताच्या बोटाला चिंधी होती.

खोळ मागं सरकली.

"आन मोडली न्हाई रं मी," सोजरबाई म्हणाली. "फाटकातनं न्हाई आले."