हलणारा हात

टेबलावर एक ब्युरेट, एक पिपेट, तीन फ्लास्क आणि फिनॉल्फ्थॅलिनची एक बाटली. शिवाय अभिमनचे दोन हात. दोन्ही थरथरणारे.

प्रात्यक्षिक परीक्षेतला पहिला प्रयत्न वाया गेला होता. तोटी फिरवताना बोटं हलली, ब्युरेटमधून चार-पाच थेंब जास्तीचे पडले आणि फिकट गुलाबी व्हायचं द्रावण डाळिंबासारखं गडद झालं. मागच्या टेबलावरून धनसिंग म्हणाला, "अभ्या, होळी होऊन गेली रे!" दोघं-तिघं हसले.

हसणं ऐकून बाहेरगावचे परीक्षक जवळ आले. त्यांनी फ्लास्क पाहिला, मग हात पाहिले.

"सकाळी सकाळी पिऊन आलास का?"

प्रयोगशाळेतल्या सगळ्या माना वळल्या. शिरपूरहून जळगावच्या एसटीत बसवताना आई दर वेळी खिडकीतून हात धरून सांगायची, "कोनले सांगू नको, भाऊ. येडा शे म्हनतीन." त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. गोळी तो होस्टेलच्या न्हाणीघरात, दाराला कडी लावून गिळायचा.

"दारू नाही, सर." आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. "मनाच्या आजाराची गोळी आहे. धुळ्याचे डॉक्टर देतात. रोज घेतो. तिच्यानं हात हलतात."

धनसिंगचं हसू तोंडातच राहिलं. परीक्षकांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला.

"मग परीक्षेपुरती बंद ठेवायची ना, बाबा."

"मागल्या वर्षी ठेवली होती, सर. हात अगदी स्थिर झाला. पण झोप गेली, रात्रंदिवस बडबडत गावभर हिंडलो. वडील येऊन घरी घेऊन गेले. वर्ष बुडालं. इथं सगळ्यांना सांगितलं, मला कावीळ झाली होती."

परीक्षकांनी चष्मा पुन्हा लावला.

"असं कर, शेजारचा मुलगा तोटी फिरवेल. तू आकडे लिही."

"मग मार्कही त्यालाच द्यावे लागतील."

"हे बघ, तीन रीडिंग जुळली पाहिजेत. नाही जुळली तर मी पास करणार नाही. सवलत नाही."

"मागितलेली नाही, सर."

अभिमननं फ्लास्क विसळून घेतले. ब्युरेट पुन्हा भरली. पिपेटनं द्रावण मोजून घ्यायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागला. परीक्षक तिथेच उभे होते. मग त्यानं खिशातून रुमाल काढला, डावं मनगट स्टँडच्या लोखंडी दांडीला टेकवलं आणि दातांनी गाठ ओढून घट्ट बांधलं. तोटीवरची बोटं शांत झाली. उजव्या हातात त्यानं फ्लास्क धरला. तो हात थरथरत राहिला, आतलं द्रावण गोल गोल हिंदकळत राहिलं.

"आणि या हाताचं काय करणार?" परीक्षकांनी विचारलं.

"फ्लास्क हलवतच ठेवायचा असतो, सर."

थेंब पडू लागले. एक एक, सावकाश. मागच्या टेबलांवरचे आपलं काम सोडून पाहत होते. धनसिंगनं मध्येच कोणाला तरी "गप रे" म्हटलं.

पहिलं रीडिंग १२.४ मिलिलिटर. दुसरं १२.४. तिसरं १२.४.