पान्हा

रुग्णाला नवं यकृत जोडून झालं, रक्तस्रावही थांबला. तशी डॉ. आफरीन म्हणाली, "मॅडम, बाळासाठी दूध काढून येऊ? फार दुखतंय."

ऑपरेशन थिएटरमध्ये कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. तिच्या जागी दुसरा सर्जन येऊन उभाही राहिला.

विभागप्रमुख मृणालिनी केंकरेंच्या मात्र अंगाची आग झाली. त्यांच्या वेळी पान्हा गाऊनमधून पाझरला, तरी त्या टेबलापासून हलल्या नव्हत्या. 'बायकांना हे झेपत नाही,' असं कुणी म्हणू नये म्हणून. महिन्याभरात दूध आटलं होतं. आणि ही पोरगी सगळ्यांदेखत सरळ विचारते!

"आत्ता नाही," हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"जा," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश ये."

आफरीन हातमोजे काढत दाराकडे निघाली. त्यांना तिच्याकडे बघवेना.