नजरेसमोर

"नेल्सन नारळ उतरवतोय, पोरीला माडाखाली नको सोडू गं," माझ्या मैत्रिणीने, क्रिस्टिनाने बजावलं होतं. निर्मळ गावातली त्यांची वाडी ती केवढीशी! मी समोरच ओट्यावर बसले होते. हसून म्हटलं, "अगं, माझं लक्ष आहे ना!"

तेवढ्यात माडावरून तिचा नवरा नेल्सन ओरडला, "बाजूला व्हा, सुटला!" कोंबड्या फडफडत पळाल्या, झोपलेला कुत्राही उठून पळाला. माझी दीड वर्षाची खुशी मात्र पाठमोरी बसून माती उकरत राहिली. नारळ तिच्यापासून हातभर अंतरावर आदळला, माती अंगावर उडाली, तेव्हा कुठे तिने वळून पाहिलं.

"डेरिंगबाज आहे हां पोरगी!" नेल्सन म्हणाला. मी धावत जाऊन तिला छातीशी धरलं. क्रिस्टिनाच्या सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आतून परात आणली आणि खुशीच्या पाठीमागे उभं राहून पळीने जोरात वाजवली. खुशी माझ्या मंगळसूत्राशी खेळत राहिली.



मी तिला कधी नजरेआड होऊच दिलं नाही, त्यामुळे मागून हाक मारायची वेळच आली नव्हती. तुमच्या घरी लहान मूल असेल, तर आज त्याला दिसणार नाही असं मागे उभं राहून एकदा हाक मारून बघा.