एक माणूस दाखवा

बंदर खात्याच्या साहेबांनी एक्स-रे सभागृहाच्या खिडकीच्या उजेडात धरला, तिरका करून पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण तुमचे वडील त्या बोटीच्या इंजिनरूममध्ये फिटर होते. बावीस वर्षं. त्यांना फुफ्फुसांचा हा आजार झाला, यात किनाऱ्याचा काय संबंध?"

झालं! दोन वर्षांची धडपड एका वाक्यात निकालात निघाली. किनाऱ्यावर पोरांना पोहायला शिकवणारी फिटरची मुलगी टेबलासमोर उभी होती. खरं तर तिला राग यायला हवा होता. आला नाही. वडील गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. सह्या गोळा करायची, पत्रकं वाटायची, घरी येऊन समोर येईल ते जेवायची आणि आडवी व्हायची. लोकांना वाटायचं, काय जिद्द आहे पोरीची! कसली जिद्द? थांबायचं कसं हेच तिला सुचत नव्हतं.

भांडण एवढंच होतं. चाळीस वर्षं प्रवाशांच्या फेऱ्या मारून थकलेली ती बोट येत्या शनिवारी किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर बुडवायची होती. तिच्यात मासे घर करतील, ते बघायला पर्यटक बुड्या मारतील, असा बोटीच्या मालक कंपनीचा बेत. पण तळातल्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे, म्हणजे ज्याची धूळ फुफ्फुसात रुतते त्याचे, जाड थर अजून तसेच होते. ते खरवडून काढायचे सोडून कंपनीने त्यांवर पांढरा रंग फासला आणि 'स्वच्छ' असा दाखला पदरात पाडून घेतला. तपासायला आलेल्याने रंग पाहिला आणि चहा पिऊन गेला. आता बोला!

आणि त्याच पाण्यात ती रोज सकाळी साठ पोरं उतरवायची.

"बोट कुजेल, थर सुटतील," ती पाढे म्हटल्यासारखी म्हणाली. "लाटांबरोबर वाळूत येतील, वाळतील, पोरांच्या कपड्यांना लागून घरोघर जातील."

कंपनीचा माणूस हसला. गावाने त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलं होतं, ते उगाच नाही. "बाई, जे लोक हे थर वर्षानुवर्षं हाताने फोडतात, त्यांनाच धोका असतो. कपड्यांना लागलेल्या धुळीने कोणाला काही झालंय का? उगीच घाबरवता हो लोकांना."

"ती धूळ एवढी साधी असेल तर तुमच्या अंगणात बुडवा की बोट!" मागून जाळी विणणारा म्हातारा ओरडला. सभागृहात खसखस पिकली. साहेबांनी टेबलावर टकटक केली.

"कंपनीचा मुद्दा बरोबर आहे," ते तिला म्हणाले. "बोटीवर कधी कामाला नव्हता आणि तरीही हा आजार झाला, असा एक माणूस दाखवा. एकच. असेल तर थांबतो. नसेल तर परवानगीवर सही करतो."

तिने सभागृहावरून नजर फिरवली. मासळीवाल्या, छापखानेवाला, शाळेतल्या शिक्षिका. सगळे धडधाकट. कोणी आजारी निघावं म्हणून आपण चेहरे धुंडाळतोय, हे लक्षात आलं, तरी तिला लाज वाटली नाही.

पहिल्या रांगेत तिची आई बसली होती. "फिटरची बायको समोर असली की बरं दिसतं," असं बोटीविरुद्धच्या गावसमितीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, म्हणाले होते, म्हणून तिला आणलं होतं. नाहीतर आठ दिवस आई मूग गिळून होती. परवा चहा पिताना तेवढं एकदा विचारलं होतं, "पोहून आल्यावर तुला दम लागतो का गं?" "आई, मी पोहायला शिकवते," ती वैतागून म्हणाली होती. तेवढ्यावर विषय संपला होता.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आई उठली. पिशवीतून तिने दुसरा एक एक्स-रे काढला आणि टेबलावर ठेवला.

"हाही त्यांचाच का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. माझा. मागच्या आठवड्यातला."

"तुम्हीही बोटीवर कामाला होता?"

"मी? तिकीट काढूनसुद्धा कधी बसले नाही. मला बोट लागते." कोणीतरी हसलं. "तिथे कपडे बदलायला जागा नव्हती, साहेब. हे कामाच्या कपड्यांतच घरी यायचे. मी ते मागच्या दारी झटकायचे, मग भिजत घालायचे. बावीस वर्षं. डॉक्टर म्हणाले, तेवढं पुरे होतं."

साहेबांनी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी धरले. मग पेनाला टोपण लावलं.

"शनिवारची परवानगी थांबवली," ते म्हणाले.

सभागृहात एकच जल्लोष झाला. हेडमास्तरांनी जाळीवाल्याला मिठी मारली. साखरतोंड्या कागद गोळा करू लागला. ती आईजवळ गेली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण डोळे कोरडेच राहिले.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"उद्या नऊ वाजता डॉक्टरांकडे जायचंय," आई म्हणाली. "तुझाही एक्स-रे काढायचाय."

"माझा? माझा कशाला?"

आईने तिच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.

"लहानपणी ते दारात आले, की कपडे बदलायच्या आधीच तू त्यांच्या कडेवर चढायचीस. खांद्यात तोंड खुपसून बसायचीस. कितीही ओरडले मी, तरी उतरायची नाहीस."