मायनगरीचा विस्तव

मडक्याचं झाकण काढून मेलित्तानं राखेत बोट घातलं. राख गार होती.

"कोणी उघडलं होतं हे?"

सुकाणूवाला मान खाली घालून म्हणाला, "ताई, चार तारल्या मासळ्या भाजल्या फक्त. तेवढ्यात लाट आली."

"अठरा दिवस डोळ्यांत तेल घालून जपला मी हा विस्तव! आपण सोडून आलो त्या मायनगरीच्या चुलीतला! आणि तुला तारल्या सुचल्या?" तिनं आभाळाकडे हात वर केले. "चुलीच्या देवी, हेस्तिया आई, तूच बघ गं आता यांच्याकडे."

तिचा भाऊ अँटिमेनीस, तिन्ही गलबतांचा म्होरक्या, किनाऱ्यावर वेदी रचून उभा होता. त्या विस्तवाशिवाय नवं गाव वसत नाही, आणि परत जायला दाणा उरला नव्हता. तो कानाशी येऊन पुटपुटला, "टेकडीवर धूर दिसतोय. तिथून विस्तव आण जा. कोणाला बोलू नकोस."

टेकडीवर नेंदा म्हातारी सातूच्या भाकऱ्या भाजत होती. गलबतवाल्यांना लोकर विकून विकून तिला यांची बोली येत होती.

"विस्तवच ना? ने की, पोरी. एवढं तोंड का पाडलंस?" तिनं मडकं निखाऱ्यांनी भरलं, हातावर गरम भाकरी ठेवली. "आमच्यात विस्तव नेणारी घरचीच होते, बरं का."

दुपारी वेदी पेटली. मायनगरीचा अग्नी म्हणून लोक रडले, गायले. सुकाणूवाला सगळ्यांत मोठ्यानं.

मग अँटिमेनीसनं गावकुसासाठी दोरी धरली. ती नेमकी नेंदाच्या दारातून गेली.

"दादा, जरा वळव ना."

"तट सरळच जाणार. म्हातारीला सांग, घर रिकामं कर म्हणावं."

"तूच सांग! विस्तवही मीच मागायचा, घरही मीच मागायचं?"

त्यानं सांगितलं. नेंदानं ऐकून घेतलं आणि ती आत गेली.

थोड्या वेळानं ती वेदीपाशी आली. पाठीवर गाठोडं, कमरेवर पाण्याची घागर.

"घर सोडताना चूल विझवायची आमची रीत," ती मेलित्ताला म्हणाली. "वरची विझवली. ही राहिली."

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"अडव तिला!" अँटिमेनीस ओरडला.

"काय सांगून अडवू, दादा? सांग ना, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग!"

त्याच्या हातात दोरी तशीच ताणलेली होती. घागर कलली. पहिला निखारा चरचरला.