इंदुमतीचं पुढे काय झालं

सुभद्रा गेल्याचं अकोल्याच्या खुर्शीदबीला, तिच्या मैत्रिणीला, कळवायचं राहूनच गेलं होतं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी खुर्शीदबीचाच फोन आला आणि तो सुभद्राच्या नवऱ्याने, नत्थुजींनी उचलला.

"काहून वं सुभद्रा, कुठी होती इतके दिवस? इंदुमतीचं काय झालं, सांग लवकर!"

नत्थुजींनी सांगितलं. खुर्शीदबी खूप रडली. मग म्हणाली, "भाऊ, कोणाची मालिका चांगली म्हणून आमी रोज दुपारी भांडत होतो. मी माही सांगो, ते तिची सांगे. अल्ला जाणे, तिचीच भारी होती. इंदुमती माहेरून निघाली अन् फाट्यावर येईस्तोवर शेवटची बस गेली, इथवर सांगलं तिनं. पुढचं तुमी पाहून सांगसान मले?"

नत्थुजी जन्मात कधी मालिकेसमोर बसले नव्हते. त्या संध्याकाळी रिमोट घेऊन बसले, पण मालिका काही सापडेना. शेवटी त्यांनी सुनेला विचारलं.

सीमा म्हणाली, "बाबा, ते तर दिवाळीतच बंद झाली. तवापासून आई मनानंच रचून सांगत होत्या. म्या म्हटलं, दुसरी एखादी पाहून त्यायले सांगा. तर म्हणे, खुर्शीदले हेच आवडते."

नत्थुजींनी टीव्ही बंद केला. आपली बायको काय ताकदीची बाई होती, हे त्यांना आज कळलं.

उद्या दुपारी खुर्शीदबीचा फोन येईल. इंदुमती अजून फाट्यावर उभी आहे. तिला घरी पोचवायचं राहिलं आहे.