अकरा दिवस पाच

नोंदवहीची तीन पानं टेबलावर उघडी पडली होती आणि प्रत्येक ओळीत एकच आकडा होता. पाच. आठ तारखेपासून कालपर्यंत, दर दोन तासांनी, पाच. व्यवस्थापकांनी पानावरून बोट फिरवलं आणि विचारलं, की हे बसल्या जागी एकदमच लिहून टाकलंस का.

औषधांच्या गोदामात शिकाऊ म्हणून लागून तिला सहा महिने होत आले होते, तरी सगळे तिला ‘नवी’च म्हणत. काम सोपं, पण जोखमीचं. शीतखोलीच्या दाराशी भिंतीवर एक गोल तबकडी होती. तिचा काटा बघायचा आणि तापमान वहीत लिहायचं. दोनच्या खाली उतरलं किंवा आठच्या वर चढलं, की आतल्या लसी बाद. पाळ्या तीन, वह्या तीन. सकाळची नवीची, दुपारची दादांची, रात्रीची दादांच्या मित्राची. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं हे आज ठरणार होतं, आणि नेमक्या आजच तपासणी अधिकारी बाई येऊन बसल्या होत्या.

दादांची वही शेजारीच होती. देखणी वही. चार पूर्णांक आठ, पाच पूर्णांक तीन, पाच पूर्णांक एक, पुन्हा चार पूर्णांक नऊ. खऱ्या यंत्राचे आकडे असे वरखाली व्हायचेच. दादांनी हळहळून सांगितलं, की पोरगी वाईट नाही. आधीचे पाच महिने तिच्या वहीतही आकडे असेच हलत होते. पुढे कंटाळली असेल. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय. दादा गोदामातले सगळ्यांत जुने. त्यांच्या शब्दाला वजन होतं.

कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. ही म्हण ज्याने काढली त्याला कुणी साहेबाच्या खोलीत उभं केलेलं नसावं. नवीने काहीच केलं नव्हतं, तरी ती भ्यायली होती. घरी मावशी वाट बघत असेल, तिला काय सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

मावशीनेच तिला वाढवलं. मावशी शिवणकाम करायची. शाळेत प्रयोगवही भरताना सगळी पोरं पुस्तकातलं उत्तर आधी बघायची आणि मग त्याला जमतील असे आकडे मागून बसवायची. नवीनेही एकदा बसवले. मावशीला कळलं तेव्हा तिने अख्खं पान फाडून पुन्हा लिहायला लावलं. मावशीचं म्हणणं असं, की टेप सांगेल तेवढंच लिहायचं. माप देताना पोट आत ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला शर्ट कधी होत नाही, आणि बोलणी मात्र शिंपिणीला बसतात. त्या प्रयोगाचं उत्तर चुकलं, चार गुण गेले. सवय तेवढी राहिली.

“मला दिसलं ते मी लिहिलं,” नवी म्हणाली. “आत्ता चला. आत्ताही पाचच असेल.”

व्यवस्थापक हसले. अधिकारी बाई मात्र उठल्या.

काटा पाचावर होता. व्यवस्थापक म्हणाले, योगायोग. पिशवीतून स्वतःचा तापमापक काढून बाई शीतखोलीत गेल्या आणि थोड्या वेळाने बाहेर आल्या. आत सहा होतं. तापमान बिघडलं की वाजणारा थंडाव्याच्या यंत्राचा भोंगा निराळा होता आणि तो महिनाभरात एकदाही वाजला नव्हता. म्हणजे लसी सुखरूप होत्या. मग त्यांनी तबकडीला जोडलेली, आतलं तापमान टिपणारी सळई ओढून काढली आणि मुठीत घट्ट धरली. मूठ कुणाचीही असो, ती काही पाच अंशांची नसते. एक मिनिट गेलं. दोन गेली. बाईंनी काचेवर टिचकी मारली. काटा पाचावरच.

आधी नवीच्या लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा ती सरळ भिंतीला टेकली. इतकं हलकं तिला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. हसू आलं, त्यामागून डोळ्यांत पाणीही आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

तबकडी बंद पडली होती. कधी पडली, तेही नवीच्या वहीत तारखेसकट होतं. सात तारखेला दुपारी बारापर्यंत आकडे हलत होते, आठच्या सकाळपासून थिजले होते. बाईंनी तिला तरीही सोडलं नाही. शंका आली होती तर शेऱ्याच्या रकान्यात का लिहिली नाहीस, असं चांगलं सुनावलं. नवीने चूक कबूल केली. दुसऱ्याच दिवशी तोंडी सांगितलं होतं, पण लिहायला हवं होतं, म्हणाली. कुणाला सांगितलं होतं ते तिने सांगितलं नाही. दादा छताकडे बघत होते. व्यवस्थापकांनी घसा साफ केला आणि तिच्या नेमणुकीचं पत्र आजच काढतो असं कुणी न विचारताच जाहीर केलं.

मग बाईंनी दुपारची आणि रात्रीची वही मागवून घेतली. आठ तारखेचं पान काढलं, नऊचं काढलं, दहाचं काढलं, आणि शांतपणे विचारलं,

“काटा अकरा दिवस जागचा हललेला नाही. मग या वह्यांमध्ये तो हलवला कुणी?”